टॉम किलबर्न

टॉम किलबर्न (११ ऑगस्ट १९२१ – १७ जानेवारी २००१) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. संगणकाच्या स्मृतीचे पृष्ठांमध्ये विभाजन करून तिचे आपोआप वाटप करण्याची पद्धत त्यांच्या नेतृत्वाखाली मँचेस्टर विद्यापीठात प्रत्यक्षात आली.

सुरुवातीचे जीवन

किलबर्न यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील ड्यूझबरी येथे झाला. केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गणिताचे शिक्षण घेतल्यानंतर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते माल्व्हर्न येथील रडार संशोधन केंद्रात फ्रेडरिक विल्यम्स यांच्या हाताखाली काम करू लागले. १९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात गेले, तेव्हा किलबर्नही त्यांच्यासोबत गेले.

बेबी

त्या काळी वेगवान व भरवशाची स्मृती ही संगणकनिर्मितीतील मुख्य अडचण होती. विल्यम्स व किलबर्न यांनी ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर विद्युतभाराच्या रूपाने माहिती साठवण्याची पद्धत विकसित केली. १९४७ च्या अखेरीस एका नलिकेत २,०४८ बिट साठवणे शक्य झाले. या स्मृतीची चाचणी घेण्यासाठी 'बेबी' हा छोटा संगणक बांधण्यात आला. २१ जून १९४८ रोजी त्यावर किलबर्न यांनी लिहिलेली १७ आज्ञांची आज्ञावली चालली. २ च्या १८ व्या घाताचा, ती संख्या स्वतः वगळता, सर्वांत मोठा विभाजक शोधण्यास तिला ५२ मिनिटे लागली.

ॲटलास आणि एकस्तरीय स्मृती

पुढील संगणकांत लहान वेगवान स्मृतीच्या जोडीला मोठा पण संथ चुंबकीय ड्रम आला. या दोहोंमधील माहितीची ने-आण आज्ञावली लिहिणाऱ्यालाच आखावी लागे आणि त्यात त्याचा बराच वेळ खर्ची पडे. ७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भार यंत्रावर सोपवला. ॲटलासची स्मृती ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभागलेली होती. आज्ञावलीतील पत्ता व माहितीची प्रत्यक्ष जागा या दोन गोष्टी वेगळ्या करण्यात आल्या. हवे असलेले पृष्ठ मुख्य स्मृतीत नसल्यास काम थांबवून ते ड्रमवरून आणले जाई. त्यासाठी एक पृष्ठ नेहमी रिकामे ठेवले जाई, आणि कोणते पृष्ठ बाहेर काढावे हे पूर्वीच्या वापरावरून ठरवले जाई.

प्रभाव

पत्ता व जागा यांच्या या फारकतीमुळे पुढे एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालवणे व्यवहार्य झाले. १९६७ मध्ये आयबीएमच्या सीपी-४० प्रणालीने २५६ किलोबाइट स्मृतीच्या एका संगणकावर १४ आभासी यंत्रे चालवली. त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःची २५६ किलोबाइट स्मृती असल्याचा भास होई. लिनक्सच्या गाभ्यातील केव्हीएमदेखील पाहुण्या यंत्राला सांगितलेली सर्व स्मृती सहसा आधीच देत नाही. पाहुण्याने एखाद्या पृष्ठाला प्रथम स्पर्श केला, की त्यामागे खरे पृष्ठ जोडले जाते. सर्व पाहुण्यांनी एकाच वेळी आपला पूर्ण वाटा मागितल्यास मात्र खरी स्मृती अपुरी पडते आणि पृष्ठे डिस्कवर हलवावी लागल्याने काम मंदावते.

सन्मान

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचे किलबर्न हे पहिले प्रमुख होते. १९६५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. १९८३ मध्ये त्यांना एकर्ट-मॉक्ली पुरस्कार मिळाला. विद्यापीठातील संगणकशास्त्र विभागाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.