चतुराच्या पंखांचा हिशेब

पावसाळा ओसरू लागला की तळ्याकाठी चतुर भिरभिरू लागतात आणि त्यांच्यामागे हौशी छायाचित्रकारांचे कॅमेरेही सरसावतात. जवळून टिपलेल्या छायाचित्रात पंखांवरील शीर न् शीर स्पष्ट दिसते. डोळ्यांना न पेलणारी ही गती पकडायची कशी, या प्रश्नापायी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ म्हणजे एतियेन-ज्यूल मारे.

मारे यांचा जन्म ५ मार्च १८३० रोजी फ्रान्समधील बोन या गावी झाला. वडिलांच्या इच्छेखातर ते वैद्यकाकडे वळले. ओढ मात्र यंत्रांची होती. नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर आपोआप रेखणारे यंत्र त्यांनी १८६० मध्ये सिद्ध केले. पुढे हीच युक्ती त्यांनी कीटकांसाठी वापरली. कीटकाला चिमट्यात धरून पंखाचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्याला ओझरते टेकवले की प्रत्येक फडफडीची खूण उमटे. घरमाशी सेकंदाला ३३०, मधमाशी १९०, चतुर २८, तर कोबीवरचे फुलपाखरू अवघ्या ९ वेळा पंख हलवते, असा हिशेब त्यांनी मांडला. पंखाच्या टोकाला सोन्याचा वर्ख लावून उन्हात पाहिले, तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आकृती दिसे.

तरीही एक अडचण उरलीच. नळकांड्याला घासणारा पंख मंदावतो आणि चिमट्यातला कीटक मोकळेपणी उडत नाही. म्हणजे मोजण्याची कृतीच मोजमाप बिघडवत होती. कीटकाला स्पर्श न करता त्याची गती नोंदवायची, तर प्रकाशाखेरीज दुसरे साधन नव्हते.

अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये टिपलेली धावत्या घोड्याची छायाचित्रे पाहून मारे यांना दिशा गवसली. १८८२ मध्ये त्यांनी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. चाप ओढताच तो सेकंदाला १२ छायाचित्रे टिपत असे. उडत्या पक्ष्यांसाठी तो पुरेसा ठरला, कीटकांसाठी नव्हे. १८८८ पासून मारे यांनी काचेऐवजी फिल्मची पट्टी वापरली, कीटकावर सूर्यप्रकाश एकवटला आणि प्रकाश पडण्याचा अवधी सेकंदाच्या २५ हजाराव्या भागापर्यंत खाली आणला. तेव्हा कुठे पंखांची प्रतिमा धूसर न होता उमटू लागली.

याच तंत्रातून चित्रपटाची वाट निघाली. सहकारी जॉर्ज देमेनी यांना तिचा व्यापारी उपयोग हवा होता. मारे यांना मात्र जे डोळ्यांना दिसतेच, ते पडद्यावर पुन्हा दाखवण्यात रस नव्हता. १८९४ मध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढच्याच वर्षी ल्युमिएर बंधूंनी पॅरिस जिंकले. कीर्ती आणि पैसा दोन्ही इतरांकडे गेले.

१५ मे १९०४ रोजी मारे यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे साहाय्यक ल्यूसियन बुल यांनी विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपून कीटकांचे उड्डाण फिल्मवर आणले. त्यांत चतुरही होता. सुटलेला कीटकच कॅमेरा सुरू करील, अशी योजना त्यांनी केली होती. चिमट्यापासून सुरू झालेला शोध अशा रीतीने मोकळ्या कीटकापर्यंत पोहोचला. आज कीटकाला धक्का न लावता छायाचित्र घेण्याचा आग्रह धरला जातो.