पाण्याला जागा देणारे विश्वेश्वरय्या

सप्टेंबर आला की दोन तारखा आठवाव्यात. 15 सप्टेंबर हा मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, देशभर तो अभियंता दिन म्हणून पाळला जातो. आणि 28 सप्टेंबर म्हणजे 1908 साली मुसी नदीने हैदराबाद बुडवलं तो दिवस. पहिल्या तारखेला हारतुरे आणि भाषणं होतात, दुसरी आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतही नसते. पण या दोन्ही तारखा एकाच गोष्टीतल्या आहेत. मोठा पाऊस झाला की ज्यांच्या गल्लीतली गटारं उलटी वाहतात, त्यांनी तर ही गोष्ट जरूर वाचावी.

विश्वेश्वरय्यांचा जन्म 1861 सालचा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. घरची परिस्थिती बेताची, त्यात वडील लवकर गेले. बेंगळुरूत शिकवण्या करत ते बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंजिनिअरिंग शिकायला आले. 1883 च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि 1884 मध्ये इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. म्हणजे माणूस कर्नाटकातला, पण घडला तो महाराष्ट्रात.

पहिला धडा मिळाला खानदेशात. धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात एका ओढ्याखालून पाण्याचा नळ न्यायचा होता. ऐन पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि केलेलं काम वाळूखाली गेलं. तरी त्यांनी ते पुरं करून दाखवलं. पाऊस आपल्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही, हे तेव्हाच कळलं असणार. पुढे सिंधमध्ये सक्करची पाणीयोजना, मग सुरत, पुणे अशी कामं झाली. 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता त्यामुळे सुमारे 8 फूट जास्त पाणी साठू लागलं आणि पूर आला की दरवाजे स्वतःच उघडून जादा पाणी सोडून देत. पाणी अडवायचं, पण त्याची वाट बंद करायची नाही, हा विचार त्यांच्या कामात पुढेही दिसतो.

1908 मध्ये नोकरी सोडून ते परदेश दौऱ्यावर गेले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर हैदराबादच्या वर, मुसीच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस कोसळला. शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच आणि 48 तासांत 18.9 इंच पावसाची नोंद झाली. या खोऱ्यात लहानमोठे 788 तलाव होते. एकाचा बांध फुटला की त्याचं पाणी खालच्या तलावावर जाई, मग तोही फुटे. असे 221 तलाव फुटले. ते सगळं पाणी शहरात घुसलं, अफजलगंजचा पूल बुडाला, घरं वाहून गेली आणि हजारो माणसं दगावली. एका चिंचेच्या झाडावर चढलेली माणसं वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आजही दाखवतात.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि 1909 च्या एप्रिलमध्ये ते कामाला लागले. नदीकाठी उंच भिंत बांधून विषय संपवता आला असता. त्यांनी मात्र आधी पावसाच्या नोंदी, तलाव आणि नदीचं खोरं यांचा हिशोब मांडला आणि सुचवलं की पूर शहरात अडवू नका, शहराच्या वरच धरून ठेवा. त्यातून मुसीवर उस्मानसागर (1920) आणि ईसी नदीवर हिमायतसागर (1927) उभे राहिले. पूर धरणारी हीच धरणं शहराला प्यायचं पाणीही देऊ लागली. नदीचे काठ नीट करणं आणि शहरासाठी भुयारी गटारं हेही त्यांच्या योजनेत होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. धरण फक्त वरच्या खोऱ्यातला पाऊस धरतं. शहराच्या डोक्यावर पडलेला पाऊस गल्लीतल्या गटारांनी आणि नाल्यांनीच न्यायचा असतो. अशी गटारं नेहमीच्या जोरदार पावसाच्या हिशोबाने बांधतात, शतकातून एखाद्या वेळी पडणाऱ्या पावसाच्या नाही. त्यात गाळ आणि प्लास्टिक साचलं की आहे ती जागाही कमी होते. मैलापाण्याच्या नळात पावसाचं पाणी घुसलं की ते घरातल्या मोरीतून वर येतं. आणि नाला जिथे नदीला मिळतो तिथे नदीच भरलेली असेल, तर गटार कितीही मोठी असो, पाणी मागे फिरतं. अशा वेळी जादा पाणी थोडा वेळ थांबायला तलाव लागतात, मोकळी जमीन लागते. 13 ऑक्टोबर 2020 ला हैदराबादेत हेच दिसलं. पाऊस शहरातच कोसळला, नाले तुंबले, तलाव ओसंडले आणि किती वस्त्यांमध्ये लोकांना गच्चीवर रात्र काढावी लागली. उस्मानसागरने त्यात काय करायचं? पाण्याच्या जागेवर आपणच घरं बांधली होती.

1909 च्या अखेरीस विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, 1912 ते 1918 दिवाण होते. कृष्णराजसागर धरण त्याच काळातलं. हैदराबादच्या कामासाठी ते पुढेही येत राहिले. 1955 मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं आणि 1962 च्या एप्रिलमध्ये, वयाची शंभरी ओलांडून, ते गेले.

तर मित्रमैत्रिणींनो, येत्या अभियंता दिनी फोटोला हार घालून झाला की एक काम करूया. आपल्या गल्लीतली गटार कुठे जाते ते चालत जाऊन बघूया. ती कोणत्या नाल्याला मिळते, तो नाला कोणत्या तलावाला, आणि तो तलाव अजून जागेवर आहे का? विश्वेश्वरय्यांनीही हैदराबादेत सुरुवात पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे बघण्यापासूनच केली होती.