महदाइसांची विचारपूस

परमेश्वराच्या असन्निधानी भक्ताने कशाचा आश्रय धरावा, या प्रश्नाचे उत्तर पंथामध्ये चार शब्दांत दिले जाते : स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. यांपैकी स्थान व प्रसाद ही वंदनाची साधने होत. उरलेली दोन मात्र चालती-बोलती माणसे आहेत. त्यांना भूक लागते, ज्वर येतो, क्वचित रागही येतो. म्हणूनच त्यांची सेवा स्थानवंदनापेक्षा अवघड आहे, आणि निरूपणकारही तिच्यावरून पुष्कळदा घाईने पुढे जातात. महदाइसांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवले तर अशी घाई करता येत नाही.

महदाइसा तेराव्या शतकातील. महदंबा या नावाने मराठीची आद्य कवयित्री म्हणून त्या सर्वांना परिचित आहेत. रामसगाव हे त्यांचे जन्मस्थान सांगितले जाते. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. वडील वायनायक, घराणे विद्वान ब्राह्मणांचे. आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, हे नात्याने त्यांचे बंधू. महदाइसांना बालपणीच वैधव्य आले. त्या काळच्या बालविधवेचे जिणे कसे असे, ते विस्ताराने सांगणे नको. अन्नवस्त्राची ददात नसलेल्या घरातही तिला मंगलकार्यात पुढे येता येत नसे, आणि कोणत्याही गोष्टीत तिला कोणी काही विचारीत नसे. हे न विचारले जाणे मनुष्याला उपासमारीइतकेच पोखरते.

प्रथम त्या दादोसांच्या शिष्या झाल्या आणि त्यांच्याच द्वारे सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी आल्या. तेथे त्यांना बोलण्याची मुभा मिळाली. ही मुभा लहान नव्हे. स्त्रिया व शूद्र यांना ज्ञानाचा अधिकार नाकारणाऱ्या काळात स्वामींनी एका विधवेचे प्रश्न ऐकून घेतले, त्यांची उत्तरे दिली आणि पुन्हा विचारू दिले. स्वामी त्यांना म्हातारी म्हणत, आणि ही जिज्ञासू आहे, सतत काही ना काही पुसतच असते, असे कौतुकही करीत. लीळाचरित्रातील कितीतरी निरूपण महदाइसांच्या प्रश्नांमुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. पुसणे हे जुन्या मराठीतील क्रियापद आज विचारपूस या शब्दात शिल्लक आहे. ज्ञानासाठी पुसणे आणि माणसाची विचारपूस करणे ही भाषेने एकाच धातूला जोडलेली दोन कामे आहेत. महदाइसांच्या ठायी ती दोन्ही एकत्र नांदली.

इ. स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. मागे राहिलेल्या भक्तांचा आधार एकाएकी गेला. भटोबासांसारखा खंबीर पुरुष विरहाने पूर्ण खचला, मग इतरांची कथा काय? परंतु स्वामींची आज्ञा होती की रिद्धपुरास जाऊन श्रीगोविंदप्रभूंची सेवा करावी. ही आज्ञा किती करुणेची होती, हे विचार केल्यावर ध्यानात येते. शोकाकुल जीवाला शोक आवर असे सांगून शोक आवरत नाही. त्याच्या हाती कोणाचे तरी काम द्यावे लागते. वऱ्हाडातील रिद्धपूर येथे, आजच्या अमरावती जिल्ह्यात, ही मंडळी सुमारे चौदा वर्षे राहिली. श्रीप्रभूंची प्रवृत्ती बालवत. क्षणात रुसावे, क्षणात हसावे, अवेळी काही मागावे. गावातील लोक त्यांना आपली माय आणि आपला बाप मानीत. अशांची सेवा म्हणजे रोजचे पाणी, रोजचा स्वयंपाक, रोजची जागरूकता. त्यात आपले दुःख कुरवाळीत बसण्यास अवसर उरत नाही. दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने आपल्याही मनाचा भार उतरतो, असे आजचे मनोवैद्य सांगतात. रिद्धपुरास ते आचरणात आले होते.

तेथेच धवळ्यांचा प्रसंग घडला. श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली, लग्नाचा थाट मांडला गेला आणि धवळे गाण्याचे काम महदाइसांकडे आले. त्यांनी श्रीकृष्ण व रुक्मिणी यांच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. धवळे ही वराची मंगलगीते. ज्या स्त्रीची सावलीही लग्नमंडपात नको मानीत, तिच्याच मुखातून ती गाइली गेली. मराठीच्या इतिहासात या रचनेचे स्थान थोर आहेच; परंतु मनुष्याला पुन्हा मंडपात उभे करण्याची ती कृती त्याहून थोर वाटते.

महदाइसांच्या त्याच जालना जिल्ह्यात आज शहरालगत मोठी औद्योगिक वसाहत आहे. लोक तिला एमआयडीसी म्हणतात. तेथे भंगार लोखंड वितळवून सळया तयार होतात. भट्ट्या रात्रीही निवत नाहीत. भट्टीपाशी राबणारे पुष्कळ कामगार बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून आलेले. रात्रपाळी करून खोलीवर परतलेल्या अशा माणसाला, जेवलास काय, गावी बोलणे झाले काय, एवढे विचारणारे बहुधा कोणी नसते. शेजारच्या खोलीतील एखादा आपल्या डब्यातील अर्धी भाकरी पुढे करतो, तेव्हा घेणाऱ्याइतकाच देणाराही त्या दिवशी एकटा राहत नाही. याच जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे पंथाचे स्थान आहे. मनाने पीडित झालेली माणसे तेथे येतात. त्यांचे औषध वैद्याकडून व्हावे, ते टाळू नये. मात्र त्यांच्याशी प्रेमाने दोन शब्द बोलण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही. अशा दयेने मोक्ष मिळतो असे पंथ मानीत नाही. मोक्ष हा परमेश्वराच्या कृपेचा विषय. परंतु मुंगीचीही हिंसा घडू नये म्हणून जपावयास लावणाऱ्या आचारधर्मात शेजाऱ्याची उपेक्षा बसत नाही.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूही गेले. या दुसऱ्या विरहात महदाइसा अधिक स्थिर दिसतात. म्हाइंभट लीळा गोळा करीत होते, आणि स्वामींना विचारलेले, ऐकलेले सर्व महदाइसांच्या स्मरणात होते. ते त्यांनी दिले. पुढे केशिराजांना संस्कृतात रचना करावीशी वाटली, तेव्हा त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे सांगून भटोबासांनी ते थांबविले. म्हाताऱ्यांची ही काळजी भटोबास जिच्यासोबत आयुष्यभर वावरले, त्या म्हातारीला जाणणाऱ्याची होती. महदाइसा भटोबासांच्या आधी गेल्या. त्यांच्या जाण्याने भटोबास व्याकूळ झाले. धर्माची राखण करणारी आणि धर्माच्या गोष्टी बोलण्यास सोबत असणारी म्हातारी आता नाही, या दुःखाची नोंद स्मृतिस्थळाने ठेवली आहे.