प्रांत उभा करणारे टेम्पल आणि त्यांचे अंमलदार

नागपूरकर ज्याला प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतात, ते मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी नगरपालिका आली, १८६५ मध्ये शहरात भव्य प्रदर्शन भरले आणि १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरात पोहोचली. आधुनिक नागपूरची ओळख घडविणाऱ्या या चारही घटना एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत घडल्या. त्यांचे नाव रिचर्ड टेम्पल. याच टेम्पल यांचे नाव दहा वर्षांनी दुष्काळग्रस्त दख्खनमध्ये संतापाने घेतले गेले, हा त्यांच्या चरित्रातील मोठा विरोधाभास आहे.

टेम्पल यांचा जन्म १८२६ चा, इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यातला. तरुणपणीच ते बंगालच्या मुलकी सेवेत दाखल झाले आणि पंजाबात जॉन लॉरेन्स यांचे सचिव म्हणून त्यांनी नाव मिळविले. इकडे नागपुरात तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसी यांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केले. १८६१ मध्ये त्याला सागर-नर्मदा मुलुख जोडून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला. नागपूर त्याची राजधानी झाली. १८६२ मध्ये छत्तीस वर्षांचे टेम्पल या प्रांताचे चीफ कमिशनर झाले.

प्रांत नवा, रस्ते अपुरे आणि माहिती त्याहून अपुरी. टेम्पल यांनी घोड्यावर मांड ठोकून प्रांत पालथा घातला. मात्र त्यांचे खरे बळ होते ते हाताखालच्या तरुण अंमलदारांत. कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे जंगलखाते होते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६२ मध्ये पचमढीच्या पठारावर ‘बायसन लॉज’ बांधले. सातपुड्याच्या अरण्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. हॅरी रिव्हेट-कर्नाक यांनी कापसाचा कारभार पाहता पाहता नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांचे उत्खनन केले. अल्फ्रेड लायल यांनी पुढे वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले, तर चार्ल्स ग्रँट यांनी मध्य प्रांताचे. ही दोन्ही गॅझेटियर १८७० ची असून विदर्भाच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आजही ती टाळून पुढे जाता येत नाही.

समुद्रापासून दूर असलेल्या या प्रांताला जलमार्ग मिळवून देण्याचाही प्रयत्न झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंगणघाटच्या कापसाला तेव्हा सोन्याचे मोल आले होते. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतून हा माल आगबोटींनी बंगालच्या उपसागरापर्यंत न्यावा, अशी ती योजना होती. टेम्पल यांनी तिचा जोरदार पाठपुरावा केला. नदीपात्रातील खडकाळ अडथळे ओलांडण्यासाठी कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली काम चालले. परंतु खर्च वाढत गेला, रेल्वेने बाजी मारली आणि १८७१ मध्ये हे काम सोडून देण्यात आले.

सरकारी सेवेबाहेरच्या विद्वानांचीही टेम्पल यांना कदर होती. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे १८४५ पासून नागपुरात शाळा चालवीत, जीवाश्म गोळा करीत आणि गोंडांची भाषा व कथा टिपून ठेवीत. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांचा घोडा मात्र एकटाच परत आला. हिस्लॉप यांची अपुरी राहिलेली टिपणे टेम्पल यांनी एकत्र केली आणि १८६६ मध्ये स्वतः संपादित करून प्रसिद्ध केली. गोंडांचे लिंगो आख्यान त्यामुळेच ग्रंथबद्ध झाले.

अर्थात या कारभाराची दुसरी बाजूही होती. जमाबंदीत मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. पण त्यातून जमीन गहाण पडून सावकाराच्या घशात जाण्याची वाटही खुली झाली. राखीव जंगलांनी साग वाचवला. पण जंगल जाळून पेरणी करणाऱ्या गोंड, बैगा आणि कोरकूंच्या पायाखालची जमीन सरकली.

१८६७ मध्ये टेम्पल यांनी नागपूर सोडले. हैदराबादचे रेसिडेंट, परराष्ट्र सचिव, अर्थसदस्य अशी पदे ते भराभर चढत गेले. १८७४ च्या बिहारमधील दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला आणि भूकबळी मोठ्या प्रमाणावर टाळले. वरिष्ठ वर्तुळात मात्र उधळपट्टीचा ठपका त्यांच्यावर आला. तो ठपका त्यांनी फार मनावर घेतला असावा. कारण १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दक्षिणेतील दुष्काळी भागात पाठविले, तेव्हा दुष्काळी कामावरील मजुराची रोजी त्यांनी एक पौंड, म्हणजे साधारण अर्धा शेर धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. एवढ्या अन्नावर कष्टकरी माणूस तगणार नाही, असे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश आकडेवारीनिशी सांगत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही विरोध नोंदविला. नागपुरात जाणकाराच्या शब्दाला मान देणाऱ्या टेम्पल यांनी या वेळी तो दिला नाही. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली.

त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळाने होरपळलेली गावे पाहून पेटून उठलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ च्या बंडात गव्हर्नरच्या शिरासाठी इनाम जाहीर केले. ते गव्हर्नर टेम्पलच होते. १८८० मध्ये ते इंग्लंडला परतले, पुढे पार्लमेंटचे सदस्य झाले आणि १५ मार्च १९०२ रोजी वारले.

टेम्पल यांची चिकाटी आणि कामाचा उरक नागपुरात होता तसाच दुष्काळातही होता. फरक पडला तो कोणाचे ऐकायचे, या निवडीत. नागपुरात त्यांनी प्रांत हिंडलेल्या माणसांचे ऐकले, म्हणून संग्रहालय आणि गॅझेटियर मागे उरले. दख्खनमध्ये त्यांनी खजिन्याचे ऐकले आणि तेथे त्यांच्या नावाने मागे उरले ते फक्त अर्ध्या शेराचे माप.