चीनने सोलापूरच्या डॉ. कोटणीसांना आपलं मानलं, मग भारत-चीन एकमेकांचे का झाले नाहीत?

१५ जून २०२०. गलवान खोऱ्यात भारत आणि चीनचे सैनिक भिडले आणि भारताचे २० जवान शहीद झाले. दोनच आठवड्यांत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. सोशल मीडियावर चिनी मालावर बहिष्कार टाकण्याच्या पोस्टींचा पूर आला. राग सरकारवर होता, सैन्यावर होता, पण बोलताना सगळेच सरसकट ‘चिनी लोक’ म्हणत होते.

तेव्हाही चीनच्या हेबेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात एका सोलापूरकराची समाधी होती. आजही आहे. तिथे लोक फुलं वाहायला जातात. त्याच शहरात या माणसाच्या नावाने वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा चालते. आणि इकडे सोलापुरात भैय्या चौकातल्या त्याच्या घराचं स्मारक झालं आहे.

हा माणूस म्हणजे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. त्यांची गोष्ट आपल्याला बहुतेक वेळा ‘चीनमध्ये जाऊन सेवा करणारा थोर डॉक्टर’ एवढीच माहीत असते. पण त्यांच्या आयुष्याकडे नीट पाहिलं तर एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर हाती लागतं. एका समाजाचं दुसऱ्या समाजाबद्दलचं मत नेमकं कशाने बदलतं? आणि एक चांगला माणूस त्यासाठी पुरेसा असतो का?

गिरण्यांच्या गावातला मुलगा

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांचं गाव. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा एकाच रस्त्यावर ऐकू यायच्या, आजही येतात.

कोटणीस १९ वर्षांचे होते तेव्हा, म्हणजे मे १९३० मध्ये, याच शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. चौघं वेगवेगळ्या समाजांतले. सोलापूर आजही त्यांना एकत्रच ‘चार हुतात्मे’ म्हणतं.

कोटणीसांनी मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून वैद्यकीय शिक्षण घेतलं. पुढे नेहमीसारखी प्रॅक्टिस झाली असती, पण १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं आणि सगळं बदललं.

पाच डॉक्टर निघाले, एक परतला नाही

चीनकडे जखमी सैनिक होते, डॉक्टर नव्हते. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस.

भारत स्वतः गुलामीत होता. तरीही १ सप्टेंबर १९३८ ला हे पाच जण मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

चीनमध्ये पथकातल्या डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे चीन हा शब्द जोडला होता. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. चुंगकिंगला असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परत जायची मुभा होती. कोटणीस थांबले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचलं. हा माओ त्से तुंग यांच्या कम्युनिस्टांचा तळ. तिथून पुढे एकेक डॉक्टर भारतात परतत गेला. शेवटी कोटणीस आणि बसू उरले, आणि त्यातलेही कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, थेट आघाडीजवळ काम करत राहिले.

‘काळी आई’

१९४० मध्ये या भागात मोठी लढाई पेटली. जखमींची रांग संपत नव्हती. एका मोहिमेत कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या, असं त्यांच्या चरित्रांत नोंदवलेलं आहे.

याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रं जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली.

एव्हाना ते चिनी भाषा शिकले होते. त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवत होते, त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहीत होते. सैनिक जे खात तेच खात होते. गावातले लोक त्यांना प्रेमाने ‘काळी आई’ म्हणायचे, असं चिनी आठवणींमध्ये सांगितलं जातं. मराठीत काळी आई म्हणजे शेतजमीन, हे त्या गावकऱ्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी फक्त दोन गोष्टी पाहिल्या होत्या. या माणसाचा रंग वेगळा आहे, आणि हा आईसारखी काळजी घेतो.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रंगाचा फरक लोक विसरले नव्हते, तो नावातच होता. पण तो फरक आता परकेपणाची खूण राहिला नव्हता.

१९४१ मध्ये कोटणीसांनी नर्सिंग शिकवणाऱ्या गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले.

पण शरीर थकलं होतं. फेफऱ्याचे झटके येत होते. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. यिनहुआ तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता.

मन बदलतं ते कशाने?

कोटणीस गेल्यानंतर १२ वर्षांनी, १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं पूर्वग्रहांवरचं एक पुस्तक आलं. त्यातली एक मांडणी आज ‘संपर्क सिद्धांत’ म्हणून ओळखली जाते. साध्या भाषेत सांगायचं तर, दोन गटांतली माणसं नुसती समोरासमोर आली म्हणून मनातली अढी जात नाही. ती जायला चार गोष्टींची मदत होते.

पहिली, दोघांचा दर्जा समान हवा. कोटणीस उपकार करायला आलेले साहेब नव्हते. तेच कपडे, तेच जेवण, तेच कष्ट.

दुसरी, ध्येय एक हवं. जखमी माणूस जगला पाहिजे आणि जपानी आक्रमण थांबलं पाहिजे, यावर तिथे दुमत नव्हतं.

तिसरी, ते ध्येय एकमेकांशिवाय गाठता येऊ नये. डॉक्टरशिवाय सैनिक मरणार होता, आणि नर्स, स्ट्रेचर उचलणारे, लपवून ठेवणारे गावकरी यांच्याशिवाय डॉक्टर काहीच करू शकत नव्हता.

चौथी, वरच्यांचा पाठिंबा हवा. इकडे बोस आणि नेहरू, तिकडे माओ आणि चू तेह, सगळ्यांनी या मैत्रीला मान्यता दिली होती.

ऑलपोर्टच्या समोर कोटणीसांचं उदाहरण नव्हतं. पण चारही अटी त्या डोंगरातल्या रुग्णालयात पूर्ण होत होत्या. २००६ मध्ये थॉमस पेटिग्र्यू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा संपर्कावरच्या ५०० हून अधिक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष असा की, संपर्काने पूर्वग्रह बहुतेक वेळा कमी होतात. चारही अटी असल्या तर परिणाम जास्त, पण त्या नसल्या तरी थोडा होतोच.

मग प्रश्न उरतो, भारत आणि चीनचं काय झालं?

पिक्चर हिट, पण...

कोटणीसांची गोष्ट भारतात पोहोचली ती ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकातून. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. १९५४ मध्ये पंचशील करार झाला, ‘हिंदी-चिनी भाई-भाई’चे दिवस आले.

आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये युद्ध पेटलं.

युद्धानंतर भारतात राहणाऱ्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना पकडून राजस्थानातल्या देवळी इथल्या छावणीत ठेवलं गेलं. त्यात आसामचे, दार्जिलिंगचे, कलकत्त्याचे लोक होते. अनेकांचा जन्म भारतातलाच. काही जण तर १९६७ पर्यंत अडकून पडले. यांचा सीमेवरच्या सैन्याशी संबंध नव्हता. चेहरा आणि आडनाव एवढंच पुरेसं ठरलं.

म्हणजे ज्या देशाने कोटणीसांची चिनी पत्नी पडद्यावर आपली मानली, त्याच देशात १६ वर्षांनी शेजारचं चिनी कुटुंब संशयित झालं.

हे कसं होतं, त्याचंही उत्तर ऑलपोर्टने दिलं आहे. आपल्या मनात एखाद्या गटाभोवती कुंपण असतं. त्या गटातला एखादा माणूस आपल्या समजुतीत बसत नसेल, तर आपण समजूत बदलत नाही. कुंपणाला छोटी फट पाडतो, त्या एका माणसाला बाहेर काढतो आणि कुंपण पुन्हा घालतो. ‘तो तसा नाही, तो वेगळा आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी कुणाबद्दल तरी म्हटलेलं असतं. ऐकायला कौतुक वाटतं, पण त्याने बाकी सगळ्यांबद्दलचं मत आहे तसंच राहतं.

थोर माणसांच्या बाबतीत हे जास्त सहज होतं. जितकं त्यांना असामान्य म्हणावं, तितकं त्यांच्यावरून बाकीच्यांबद्दल काही शिकायची गरज उरत नाही.

दुसरं कारण म्हणजे समान शत्रू. कोटणीसांच्या काळात जपान समोर होता. १९४५ ला ते युद्ध संपलं आणि तो धागाही सुटला. शत्रू किती लवकर बदलतात याचं उदाहरण तर याच गोष्टीत आहे. ज्या बोसांनी जपानशी लढणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवले, त्यांनीच १९४३ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढायला जपानची मदत घेतली.

जे उरलं ते

यिनहुआही डॉक्टर होण्यासाठी शिकत होता. १९६७ मध्ये, पंचविशीच्या आतच तो गेला. गुओ चिंगलान मात्र दीर्घ जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. सोलापुरातलं स्मारकही त्याच वर्षी सुरू झालं.

भारत दौऱ्यावर येणारे चिनी नेते कोटणीसांच्या नातेवाइकांना भेटत आले आहेत. फोटो निघतात, बातमी होते. पण वर्षातून एकदा हार घालणं हा संपर्क नव्हे.

खरा संपर्क कसा टिकतो ते पाहायचं तर डॉ. बसूंकडे पाहावं लागतं. कोटणीसांचे हे सहकारी १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि भारतात आणलं. १९६२ नंतरही ते काम थांबलं नाही. लुधियानात आज कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालय आहे. तिथे सुई टोचून घेणाऱ्या पेशंटला भारत-चीन मैत्रीशी देणंघेणं नसेल. त्याची पाठ दुखते आणि उपाय मिळतो, एवढं त्याला पुरतं.

कोटणीसांनी हेबेईतल्या गावांत जे केलं ते असंच होतं. त्यांनी मैत्रीवर भाषणं केली म्हणून लोकांनी त्यांना आपलं मानलं नाही. रोज एकाच टेबलावर, एकाच जखमेवर काम केलं म्हणून मानलं. त्यांचं काम करणारी माणसं त्यांच्यानंतर शेकड्यांनी ये-जा करत राहिली असती, तर कुंपण पुन्हा घालणं इतकं सोपं गेलं नसतं.