गाडगेबाबांची भाकरी

नाताळाच्या पाच दिवस आधी, आगमनकाळ संपत आला असता, २० डिसेंबर रोजी महाराष्ट्रात संत गाडगेबाबांची पुण्यतिथी पाळली जाते. त्याच दिवसांत आपल्या ख्रिस्ती घरांतून करंज्या, शंकरपाळे आणि केक यांची तयारी चालू असते आणि, लपविण्यात अर्थ नाही, काही घरांतून बाटल्यांचीही. गाडगेबाबा आपल्या श्रद्धेचे नव्हते. परंतु इतर धर्मांत जे जे सत्य व पवित्र आहे त्याविषयी आदर बाळगण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आपल्याला शिकविले आहे. त्या आदराने आम्ही आज या सत्पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत, आणि तेही एका विशिष्ट बाजूने. माणूस रोज काय खातो, काय पितो, अंग किती झिजवितो यावर त्याचे आणि त्याच्या लेकरांचे पुढील आयुष्य कसे अवलंबून असते, हे बाबांनी स्वतःच्या घरात, फार लहान वयात पाहिले होते.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परीट समाजात झाला. वडील झिंगराजी व आई सखुबाई. घर गरिबीचे होते, पण खाऊनपिऊन सुखी म्हणावे असे होऊ शकले असते. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. त्या काळी जातीच्या प्रत्येक कार्यात, मग ते बारसे असो वा तेरावे, दारू आणि सागुती आवश्यक समजली जात असे. नकार देणारा जातीबाहेरचा ठरे. एका कार्यातून दुसऱ्या कार्यात, एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात झिंगराजींचे शरीर खचत गेले, चीजवस्तू गेली, आणि १८८४ साली, डेबूजी आठ वर्षांचा असताना, त्यांचा अंत झाला. मरणापूर्वी त्यांनी पत्नीला मुलास या नादापासून दूर ठेवण्यास बजाविल्याचे चरित्रकार सांगतात.

येथे आम्हांस क्षणभर सखुबाईंजवळ थांबावेसे वाटते. चरित्रग्रंथांत त्या दोनचार ओळींत येतात आणि जातात. पण व्यसनाचा खरा हिशेब पिणाऱ्याच्या खात्यावर थोडाच मांडला जातो! तो मांडला जातो त्याच्या पत्नीच्या खात्यावर. तरुण वयात वैधव्य आलेली ही बाई पदरातले मूल घेऊन दापुरे या गावी माहेरी गेली आणि भावाच्या घरी राबू लागली. आमच्या धर्माबादेत आणि आसपासच्या वस्त्यांतून गृहभेटीला गेले असता अशा सखुबाई आजही भेटतात. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली बसून त्या धर्मगुरूला चहा देतात, मुलांच्या शाळेविषयी बोलतात, आणि नवऱ्याविषयी विचारले की पदर नीट करतात. एवढ्यावरूनच समजून घ्यावे लागते.

दापुऱ्यास मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबूजी गुरे राखू लागला, पुढे नांगर धरू लागला. पहाटे उठणे, गोठा झाडणे, गुरे धुणे, दिवसभर शेतात राबणे आणि रात्री भजनात बसणे असा त्याचा दिनक्रम असे. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अंग मात्र कणखर झाले. नदीत पोहण्यात तो पटाईत होता. सावकाराच्या लबाडीने मामांची जमीन गेली, त्या धक्क्याने मामाही गेले आणि कुटुंबाचा भार तरुण डेबूजीवर पडला. १८९२ साली त्याचा विवाह कुंताबाईंशी झाला होता.

यानंतर जे घडले ते बाबांच्या चरित्रातील आम्हांस सर्वांत मोठे धैर्य वाटते, जरी लोक त्यांच्या झाडूविषयीच अधिक बोलतात. पहिल्या मुलीच्या बारशाचे जेवण होते. रिवाजाप्रमाणे बकरे आणि दारू हवी होती. डेबूजीने दोन्ही नाकारले आणि जमलेल्या भाऊबंदांना गोड जेवण वाढले. जातीतील वडीलधारी मंडळी संतापली. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. परंतु ज्याने पंगतीत बसून आपल्या माणसांना कधी नकार दिला आहे त्यालाच त्याची किंमत कळेल. कोण्या परक्याला उपदेश करणे सोपे असते. स्वतःच्या मेहुण्याला, चुलत्याला, सोयऱ्याला आपल्याच दारात नाही म्हणणे कठीण असते. ज्या कार्यांनी बापाचा बळी घेतला होता, त्यांतील एक कार्य मुलाने आपल्या घरापुरते मोडून काढले.

आपल्याकडे स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आणि लग्न यांच्या जेवणावळी आता कशा होतात हे वाचक आमच्यापेक्षा अधिक जाणतात. पाळण्यातल्या बाळाच्या नावाने कर्ज काढले जाते आणि त्यातील मोठा भाग मंडपामागे रिचविला जातो. येथे कोणी आम्हांस काना गावच्या लग्नाची आठवण करून देईल. ती आठवण योग्यच आहे. चर्चने द्राक्षारसाला पाप म्हटलेले नाही. वेदीवर तो रोज अर्पण होतो. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे या सर्वांच्या अतिरेकापासून दूर ठेवणारा सद्गुण म्हणून संयमाचा निर्देश आहे. मात्र वैद्यकशास्त्र या बाबतीत अलीकडे अधिक कडक झाले आहे, हेही सांगितले पाहिजे. मद्य हे कर्करोगाचे कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदविले होते, आणि अमुक इतके घेतले तर निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. शिंदी ही झाडाची म्हणून औषधी, अशी आपल्या सीमाभागात समजूत आहे. आंबलेल्या शिंदीतही मद्य असतेच, आणि यकृताला झाडाचे नाव कळत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. पुढील सुमारे बारा वर्षे तो अज्ञातासारखा हिंडत राहिला. अंगावर चिंध्यांचे कपडे, एका कानात कवडी व दुसऱ्यात बांगडीची काच, हातात झाडू आणि डोक्यावर मातीच्या गाडग्याचे खापर. ऊन लागले की ते टोपी, भूक लागली की थाळी, तहान लागली की पेला. त्या खापरावरूनच लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच बाबा आधी रस्ता झाडीत, गटारे मोकळी करीत, पाणवठ्याभोवतीची घाण काढीत. त्यानंतर कोणाच्या तरी दारी काम करून भाकरी मागत. काम केल्यावाचून खावयाचे नाही हा दंडक त्यांनी शेवटपर्यंत पाळला. संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला श्रमाविषयी जे लिहिले त्याची येथे कोणाही ख्रिस्ती माणसाला आठवण होईल.

बाबांना मिळणारी भाकरी बहुधा ज्वारीची असे. सोबत झुणका, कांदा, चटणी. कोणी पक्वान्नाचे ताट आणले तर ते दुसऱ्यांना देत आणि स्वतः खापरात भाकरी कुस्करून खात. या जेवणाकडे आपण गरिबाचे अन्न म्हणून पाहतो. आहारशास्त्र वेगळे पाहते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, आणि हरभऱ्याच्या डाळीत तो भरपूर असतो. म्हणजे भाकरी आणि झुणका एकमेकांची उणीव भरून काढतात. ज्वारीतील तंतूंमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. आपल्या आज्यांनी हे कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता साधले होते. गेल्या दोन पिढ्यांत मराठवाड्यातील कित्येक घरांत भाकरीची जागा रेशनच्या तांदळाने आणि मैद्याच्या पावाने घेतली. पाहुणा आला की भाकरी लपविली जाते व बिस्किटाचा पुडा पुढे होतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा तीच ज्वारी शहरांतून चकचकीत वेष्टनात विकली जाऊ लागली. यावर हसावे की रडावे कळत नाही.

धर्माबाद हे लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात आडतीजवळून जाताना डोळ्यांना पाणी येते. येथील माणसे आपल्या प्रत्येक दुखण्याचा दोष मिरचीला देतात. आमचे मत थोडे निराळे आहे. मिरचीपेक्षा तिच्या सोबत ठेच्यात, लोणच्यात आणि पापडात जे मीठ पोटात जाते त्याकडे लक्ष द्यावे. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढे मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे. घरांना आशीर्वाद देण्यास गेलो की वेदीसारख्या सजविलेल्या फळीवर क्रूस, मरियामातेची मूर्ती आणि त्यांच्या शेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी दिसते. पूर्वी ती एखाद्या घरी असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या दहा कोटींवर आणि उच्च रक्तदाब असलेल्यांची एकतीस कोटींवर अंदाजिली गेली. ही दुखणी एका दिवसात येत नाहीत. दहा-पंधरा वर्षे ती ताटातून, पेल्यातून आणि बसून राहण्यातून गुपचूप वाढत असतात. माणसाला कळते तेव्हा मूत्रपिंड किंवा डोळे पकडले गेलेले असतात.

गाडगेबाबांच्या काळातील मुख्य भय या रोगांचे नव्हते. पटकी, प्लेग, देवी यांनी गावेच्या गावे ओस पडत. यात्रांतून पटकी पसरे, आणि पंढरपूरची वारीही त्यातून सुटत नसे. म्हणून बाबा यात्रेच्या ठिकाणी देवळात न जाता वाळवंट झाडीत राहत. सायंकाळी त्याच जागी कीर्तनास उभे राहत. त्यांची कीर्तने म्हणजे श्रोत्यांशी चाललेला संवाद असे. ते प्रश्न विचारीत आणि हजारो लोक एका सुरात उत्तर देत. दारू सोडा, देवापुढे मुकी जनावरे कापू नका, सण आणि लग्नासाठी कर्ज काढू नका, मुलांना शाळेत घाला, घरदार स्वच्छ ठेवा, हेच विषय फिरून फिरून येत. नवस करूनही मूल का दगावले हे पाण्याच्या घाणीवरून समजावून सांगणारा हा निरक्षर माणूस कोणत्याही आरोग्याधिकाऱ्यापेक्षा अधिक लोकांपर्यंत पोहोचला असावा.

लोकांनी दिलेल्या पैशांतून ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट, पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी बांधलेली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ गावाकडून येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी निवारा केला. रुग्णाजवळच्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते, हे फार थोड्यांना सुचते. या सर्वांत स्वतःच्या कुटुंबासाठी मात्र त्यांनी एक खोलीसुद्धा राखली नाही. कुंताबाईंनी हे कसे सोसले, याचा विचार आमच्या मनात नेहमी येतो. संतांच्या बायकांचे चरित्र कोणी लिहीत नाही.

बाबा ८० वर्षे जगले. साध्या भाकरीमुळे आणि पायी चालण्यामुळे जगले, असे आम्ही म्हणणार नाही. एका माणसाच्या आयुष्यावरून असा नियम काढता येत नाही, आणि पथ्य पाळणारी किती माणसे आम्ही तरुणपणी पुरली आहेत. एवढे खरे की वार्धक्यातही ते हिंडत होते, झाडीत होते, कीर्तन करीत होते. शेवटची काही वर्षे आजारपणात गेली, तरी रुग्णालयात स्वस्थ पडून राहणे त्यांना जमत नसे. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्या बातमीने ते फार व्याकूळ झाले. त्याआधी नोव्हेंबरात मुंबईला वांद्रे येथे पोलिसांच्या वस्तीत त्यांचे कीर्तन झाले होते. त्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि तो थकलेला, तरीही खणखणीत आवाज आजही ऐकावयास मिळतो.

त्यांची कर्मभूमी अमरावती. त्या नावाचा आपला धर्मप्रांत त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९५५ साली, स्थापन झाला होता. त्यातूनच १९७७ साली आपला औरंगाबाद धर्मप्रांत निराळा झाला. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली गावोगावच्या स्वच्छतेचे अभियान बाबांच्या नावाने सुरू केले, तेव्हा आपल्या भागातील अनेक गावांनी पहिल्यांदा गटारांकडे पाहिले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. त्यांची समाधी अमरावतीत गाडगेनगर येथे आहे. मागे राहिले ते झाडू, काठी, चिंध्यांची गोधडी आणि ते खापर.