ऑटो विख्तर्ले

थोर चेक रसायनशास्त्रज्ञ ऑटो विख्तर्ले यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९१३ रोजी मोराविया प्रांतातील प्रोस्त्येयोव्ह या गावी झाला. घरी शेतीच्या यंत्रांचा कारखाना होता. परंतु विख्तर्ले यांचे मन रसायनशास्त्रात रमले. १९३६ साली त्यांनी प्राग येथे त्या शास्त्राचे उच्च शिक्षण पूर्ण केले.

१९३९ साली नाझी सत्तेने चेक विद्यापीठे बंद केली. तेव्हा विख्तर्ले यांनी झ्लिन येथील बाटा कंपनीच्या प्रयोगशाळेत काम पत्करले आणि १९४१ साली नायलॉनसारखा एक कृत्रिम धागा तयार केला. पुढच्याच वर्षी गेस्टापो पोलिसांनी त्यांना पकडले. काही महिने तुरुंगात काढून ते पुन्हा कामावर रुजू झाले.

१९५२ साली आगगाडीच्या प्रवासात त्यांची एका सहप्रवाशाशी गाठ पडली. तो नेत्रवैद्यकाचे नियतकालिक वाचत होता. डोळ्यात बसविण्याच्या धातूच्या कृत्रिम भागाची माहिती त्यात होती. विख्तर्ले यांच्या मनात विचार आला, की डोळ्यासारख्या मृदू इंद्रियाला कठीण धातू कसा मानवेल? त्याला त्याच्यासारखेच मऊ आणि ओले द्रव्य हवे. सहकारी ड्राहोस्लाव्ह लिम यांच्यासह त्यांनी या द्रव्याचा शोध आरंभिला. सब्जाचे बी जसे पाणी शोषून फुगते पण विरघळत नाही, तसे ते द्रव्य सिद्ध झाले. त्याच्या सूक्ष्म जाळ्यात सुमारे ४० टक्के पाणी राहत असे. १९६० साली या दोघांनी हा शोध जगापुढे मांडला. अशा द्रव्यांना हायड्रोजेल म्हणतात.

दरम्यान, १९५८ साली राजकीय कारणांसाठी विख्तर्ले यांना अध्यापनाचे पद सोडावे लागले होते. पुढे या द्रव्यापासून डोळ्यांची मऊ भिंगे करण्याचे संशोधनही सरकारी अधिकाऱ्यांनी थांबविले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या, सायकलचा डायनॅमो आणि घरच्या विजेच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर एकत्र जुळवून स्वयंपाकघरातच यंत्र उभारले. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्यांनी चार भिंगे तयार केली. पुढील चार महिन्यांत पत्नी लिंडा यांच्या साहाय्याने त्यांनी साडेपाच हजार भिंगे घडविली. आज जगभर कोट्यवधी लोक वापरत असलेल्या मऊ भिंगांचा उगम त्या घरात आहे.

१९७० साली स्वातंत्र्यवादी विचारांमुळे त्यांना संस्थेच्या संचालकपदावरूनही दूर करण्यात आले. मात्र राज्य पालटल्यावर, १९९० साली, चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे सन्मानाने आले. १८ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेली वाट डोळ्यापाशीच थांबली नाही. कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत प्लास्टिकच्या सपाट बशीत वाढविल्या, तर त्या शरीरातल्याप्रमाणे वागत नाहीत. कारण शरीरात त्यांना चहूबाजूंनी मऊ, ओल्या तंतूंचे जाळे वेढून असते. उंदरांच्या गाठींपासून काढलेले नैसर्गिक जेल या कामी वापरतात. परंतु त्याचा प्रत्येक घाणा थोडा निराळा उतरतो, त्यामुळे प्रयोगांचा मेळ बसत नाही. कृत्रिम हायड्रोजेलमध्ये काय आणि किती आहे, हे संशोधकास नेमके ठाऊक असते. कर्करोगाची गाठ पुष्कळदा निरोगी भागापेक्षा कठीण असते. जेलचा केवळ कठीणपणा कमी-अधिक करून पेशी कशी वाढते, कशी पसरते आणि कोणत्या औषधाला दाद देते, हे पडताळता येते. ही नवी जेले विख्तर्ले यांच्या जेलाहून घटकांनी पुष्कळशी भिन्न आहेत. परंतु सजीवाला मानवेल असे द्रव्य मनुष्याने स्वतः घडवावे, ही दृष्टी त्यांचीच आहे.

पद गेले, अनुमती नाकारली गेली. परंतु अंगीकारलेले कार्य त्यांनी कधी टाकले नाही. साधनांची उणीव जिद्दीने भरून काढता येते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.